झेंड्यापासून किती हात : मेडले रिलेच्या टेकओव्हरच्या नोंदी

सोमवार, १ जुलै २०२४

विषय आज मंजूर झाला. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला भौतिकशास्त्राचा प्रकल्प करायचा असतो. वर्गातल्या बाकीच्यांनी सौर पॅनेल, पाण्याचा गढूळपणा असे विषय घेतलेत. मी मॅडमना म्हटलं, मला टेकओव्हर मोजायचाय. पोहण्याच्या रिलेत एक जण भिंतीला हात लावते आणि दुसरीचे पाय ब्लॉकवरून, म्हणजे उडी मारायच्या चौथऱ्यावरून, सुटतात, त्या दोन्हींमधला वेळ. मॅडम पोहणाऱ्या नाहीत. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. मोजणार कशानं, आणि मोजून काय करणार. मी म्हटलं, मोबाइलच्या स्लो मोशननं मोजणार आणि कमी करणार. त्यांनी सही केली.

पूर्ण उत्तर त्यांना दिलं नाही, ते इथं लिहिते. गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमची चार बाय शंभर मेडले रिले (चौघी, चार वेगळे प्रकार, प्रत्येकीचे शंभर मीटर) माझ्यामुळं बाद झाली. मी शेवटची, फ्रीस्टाइलवाली. फ्लायवाली, म्हणजे बटरफ्लाय पोहणारी, भिंतीला लागायच्या आधी माझे पाय सुटले. नियम साधा आहे: आधीच्या मुलीचा हात भिंतीला लागण्यापूर्वी पाय ब्लॉकवरून सुटले की अख्खी टीम बाद. मी शंभर मीटर जीव तोडून पोहले, वर आले, तर तिघी गप्प उभ्या होत्या आणि पंचांचा हात वर होता. घरी येईपर्यंत गाडीत कुणी त्याबद्दल बोललं नाही. नंतरही नाही. वर्ष झालं.

तेव्हापासून मी ब्लॉकवर चिकटून उभी राहते. हात लागलेला डोळ्यांनी दिसल्याशिवाय हलत नाही. सर म्हणतात, "तू पोहतेस बरी, पण उभी लई राहतेस."

गुरुवार, ४ जुलै

साधनं : दादाचा मोबाइल (सेकंदाला २४० फ्रेम), तिपाई, लाल चिकटपट्टी, मेजर टेप.

२४० फ्रेम म्हणजे एक फ्रेम ०.००४ सेकंदाची. हात लागला ती फ्रेम आणि पाय सुटले ती फ्रेम, मधल्या फ्रेम मोजायच्या आणि २४०नं भागायचं. दोन्ही टोकांना एकेक फ्रेमची चूक धरली तरी ०.०१च्या आतच राहते. हातातल्या स्टॉपवॉचनं हे जमणारच नाही, अंगठा दाबायलाच त्याहून जास्त वेळ जातो.

पहिली चूक आजच झाली. कॅमेरा तिरका लावला होता, त्यामुळं हात भिंतीला लागलाय की चार बोटं मागं आहे ते ठरेना. पॅरॅलॅक्स. आता तिपाई भिंतीच्या अगदी रेषेत, लेनच्या कडेला, ब्लॉकचा वरचा भाग आणि पाण्याची रेषा दोन्ही चौकटीत येतील अशी. तिपाईच्या तिन्ही पायांच्या जागी फरशीवर लाल पट्टी मारून ठेवली. तलावाच्या काकांना सांगितलंय, झाडताना पट्ट्या काढू नका. ते म्हणाले, "तुझ्या पट्टीला कोण हात लावतंय?"

शनिवार, ६ जुलै

पहिलं मापन. क्रम नेहमीचाच, मेडले रिलेचा नियमच तसा आहे: आधी बॅकस्ट्रोक, मग ब्रेस्ट, मग फ्लाय, शेवटी फ्री. वहीत नावं लिहीत नाही, तलावावर हाक मारतो तशीच लिहिते.

बॅकवालीचा टच ते ब्रेस्टवालीची उडी : १२५ फ्रेम, ०.५२ सेकंद.
ब्रेस्टवाली ते फ्लायवाली : १४६ फ्रेम, ०.६१.
फ्लायवाली ते मी : २२६ फ्रेम, ०.९४.

शिट्टीवर सुरुवात करतानासुद्धा माझी प्रतिक्रिया पाऊण सेकंदाच्या आत असते. इथं तर समोरून येणारी मुलगी दिसत असते, हात मागं घेऊन तयार राहता येतं, आणि तरी मला एकट्या शिट्टीपेक्षा जास्त वेळ लागतोय. मोठ्या स्पर्धांत चांगला टेकओव्हर ०.३च्या आतला असतो. आमच्या तिन्हींची बेरीज २.०७. ती पाऊण सेकंदावर आली तर कुणी एक हातही जास्त वेगानं न मारता सव्वा सेकंद वाचतो.

सव्वा सेकंद वाचवायला मी फ्रीस्टाइलमध्ये गेलं अख्खं वर्ष घातलंय.

बुधवार, १० जुलै

आज सरांनी सेटनंतर चौघींना बसवून २००८च्या बीजिंगच्या चार बाय शंभर फ्रीस्टाइल रिलेचे आकडे फळ्यावर लिहिले. अमेरिका ३:०८.२४, फ्रान्स ३:०८.३२. फरक ०.०८. शेवटचा अमेरिकन जेसन लीझॅक ४६.०६मध्ये पोहला, समोर अलँ बर्नार होता, शंभर मीटरचा त्या वेळच्या सगळ्यात वेगवान माणसांपैकी एक. सगळे लीझॅकचंच पोहणं सांगतात, आणि ते होतंच तसं. पण सरांनी फळ्यावर ०.०८ला गोल केला आणि माझ्या ०.९४च्या शेजारी आणून ठेवला. बोलले काही नाहीत.

त्यांना राग नव्हता, हे मला कळतं. तरी सायकलवरून घरी येताना रंकाळ्यापाशी थांबून बसले थोडा वेळ.

मंगळवार, १६ जुलै

आठवडाभर केलेला प्रयोग फसला, पण कारण लिहून ठेवण्यासारखं आहे.

तलावाच्या तळाशी लेनची काळी रेघ भिंतीच्या २ मीटर आधी संपते आणि तिथं आडवी रेघ असते, इंग्रजी टी अक्षरासारखी. आम्ही तिला टीच म्हणतो. गणित असं: माझा हातांचा झोका सुरू झाल्यापासून पाय सुटेपर्यंत ०.८० सेकंद लागतात (दहा मापनांची सरासरी). पाय टचनंतर ०.२५ला सुटायला हवे असतील, तर झोका टचच्या ०.५५ आधी सुरू व्हायला हवा. म्हणजे फ्लायवालीचं डोकं टीच्या पुढं थोडं आलं की सुरू करायचं. कागदावर अगदी बरोबर.

पाण्यात नाही. सहा प्रयत्न : ०.३१, ०.७९, ०.२८, ०.८८, ०.३५, आणि एकदा मी आधीच सुटले. डोकं टीच्या पुढं आलं की कधी ती हात मारून थेट भिंतीवर येते, कधी अर्धा हात मारून सरकत येते. दोन्ही वेळा डोकं एकाच जागी असतं, पण टचला लागणारा वेळ वेगळा. फ्लायमध्ये अंग सारख्या वेगानं जातच नाही, प्रत्येक हाताला उसळी आणि मग संथ. माझ्या गणितात वेग स्थिर धरलेला होता.

आधी सुटलेल्या प्रयत्नानंतर फ्लायवाली पाण्यातून वर बघत म्हणाली, "सॉरी, माझंच चुकलं." मी म्हटलं, अगं तुझं काय त्यात. ती पुढं काही बोलली नाही.

शुक्रवार, २६ जुलै

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर धोक्याच्या ४३ फुटांवरून वर गेलीय. तलाव बंद. कॉलेजला सुट्टी. ब्रेस्टवालीचं गाव प्रयाग चिखली, नदीच्या अगदी कडेला, तिथली माणसं आणि जनावरं हलवलीत. तिचा रात्री फोन आला, म्हशी आधी नेल्या, मग घरातले गेले, तिचे आजोबा निघायला तयार नव्हते. हे आजोबाच, ज्यांनी तिला सहाव्या वर्षी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत सोडलं होतं. तिचे ब्रेस्टचे पाय आजही विहिरीतलेच आहेत, तलावात शिकलेल्या कुणाचे असे पाय मी बघितले नाहीत.

प्रकल्पाचं काही नाही आज.

सोमवार, २९ जुलै

पाणी नाही म्हणून बसून राहायचं नाही असं तिघींनी ठरवलं. आमच्या गच्चीवर खडूनं भिंत काढली, ५ मीटरवर एक रेघ आणि २ मीटरवर टी. कठड्याशेजारची एक पायरी म्हणजे ब्लॉक, खाली दोन जुन्या गाद्या. एकीनं पाण्यात मारते तसे हात मारत, वाकून चालत यायचं, दुसरीनं झोका घेऊन गादीवर उडी मारायची. आई एकदा वर येऊन बघून गेली. दुसऱ्यांदा आली ती चहा घेऊन.

इथं एक गोष्ट कळली, जी तलावात तीन वर्षांत कळली नव्हती. बॅकवाली चालत येताना पुटपुटत होती: एक, दोन, तीन, चार, पाच. मी विचारलं, काय मोजतेस? ती म्हणाली, "मी कायमच मोजतो. मला भिंत कुठं दिसतीय? झेंडे दिसले की पाच, मग हात लावायचा." (आमच्याकडं मुली 'मोजतो, येतो' असंच बोलतात, बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते.)

बरोबरच आहे. भिंतीच्या ५ मीटर आधी तलावावर झेंड्यांची दोरी असते, ती बॅकस्ट्रोकवाल्यांसाठीच. उताणं पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही, म्हणून झेंड्यापासून हात मोजायचे, नाहीतर डोकं आपटतं. ज्या मुलीला भिंत दिसत नाही, तिचा टेकओव्हर आमच्या तिन्हींत सगळ्यात चांगला निघाला होता. ०.५२. तेव्हा मला वाटलं होतं की ब्रेस्टवालीची उडी चांगली म्हणून. पण ब्रेस्टवालीला माहीत असतं की पाचवा हात आला की भिंत.

मग मी फ्लायवालीला विचारलं, तुझे झेंड्यापासून किती? ती म्हणाली, "तीन." लगेच म्हणाली. नंतर बराच वेळ गादीची शिवण उसवत बसली.

शुक्रवार, २ ऑगस्ट

काल स्वप्नील कुसाळेला पॅरिसमध्ये कांस्य मिळालं, ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ७२ वर्षांनी. पुराच्या चिखलातून शहर उठतंय आणि आज चौकाचौकात पेढे. सर आपल्या पिढीचं सांगत होते: वीरधवल खाडे २०१०मध्ये ग्वांगझूला ५० मीटर फ्लायमध्ये कांस्य जिंकला तेव्हा असंच झालं होतं. खजान सिंगच्या १९८६च्या रौप्यानंतर पोहण्यात आशियाई पदक २४ वर्षांनी, आणि तेही कोल्हापूरच्या पोरानं.

सोमवार, ५ ऑगस्ट

काल रात्री चौघी बॅकवालीच्या घरी. ब्रेस्टवालीही आली, चार दिवस घर धुऊन. पाणी उंबऱ्याच्या आत आलं होतं, आजोबा सुखरूप आहेत. पॅरिसच्या दोन्ही मेडले रिले बघितल्या.

पुरुषांत चीननं अमेरिकेला हरवलं, ३:२७.४६. पॅन जानलनं शेवटचे शंभर ४५.९२मध्ये काढले. बायकांत अमेरिकेचा विश्वविक्रम, ३:४९.६३. आम्ही स्प्लिट, म्हणजे प्रत्येकीची शंभराची वेळ, उतरवून घेतले: रीगन स्मिथ ५७.२८, लिली किंग १:०४.९०, ग्रेचेन वॉल्श ५५.०३, टोरी हस्की ५२.४२. ब्रेस्टवाली म्हणाली, माझ्या शंभरात ही जवळजवळ दीडशे मारेल. आणि तिनं स्वतःची वेळ पहिल्यांदा मोठ्यानं सांगितली, १:३१.८. आमच्यात एरवी कुणी आपली वेळ अशी सांगत नाही.

मी वेळा बघतच नव्हते. शेवटच्या ५ मीटरमध्ये वॉल्शचे हात आणि ब्लॉकवरच्या हस्कीचे हात बघत होते. हस्की डोक्याकडं बघत नव्हती, टीकडंही नाही. वॉल्शचे हात पाण्याबाहेर आले आणि हस्कीचा झोका सुरू झाला. आम्ही तो तुकडा सात वेळा मागं घेऊन बघितला.

हात पाण्याबाहेर येणं. ती एक ठळक घटना आहे, डोक्यासारखी हळूहळू पुढं सरकणारी नाही. शेवटच्या हाताला पंजे पाण्याबाहेर आल्यापासून टचपर्यंत साधारण अर्धा सेकंद, आणि मला हवेत ०.५५! पण हे तेव्हाच, जेव्हा तो हात शेवटचा आहे हे मला नक्की ठाऊक असेल.

सोमवार, १२ ऑगस्ट

तलाव सुरू. दोन आठवड्यांनी पाण्यात. सगळ्यांचे खांदे जड.

नवी खूण घेऊन आठ प्रयत्न, सगळ्या ताज्या दमात, फ्लायवाली फक्त शेवटचे १५ मीटर पोहून येत होती. झेंड्यापासून तीन हात, तिसऱ्याचे पंजे बाहेर, झोका. ०.२६, ०.२४, ०.२९, ०.२३, ०.२७, ०.२८, ०.२५, ०.२६. मॅडमना आकडे पाठवले. त्यांचं उत्तर आलं: "छान. पण स्पर्धेत ती १५ मीटर पोहून येणार आहे का?"

गुरुवार, २२ ऑगस्ट

आजची नोंद मोठी होणार.

मॅडमच्या प्रश्नावरून ठरवलं होतं की दमल्यावर मोजायचं. आधी १५०० मीटरचा सेट, मग फ्लायवालीनं पूर्ण शंभर मारायचा, मग टेकओव्हर. मी उडी मारायची नाही, फक्त बघायचं, आणि कॅमेरा झेंड्यापासून भिंतीपर्यंतचं सगळं टिपेल. पाच वेळा, मधे मधे भरपूर विश्रांती देऊन.

पाचपैकी दोनदा झेंड्यापासून तीन हात आणि मग लांब सरकणं. दोनदा चार हात. एकदा तीन, आणि अगदी भिंतीपाशी पाण्याखालीच एक अर्धा. तिसऱ्या हाताचे पंजे बाहेर आल्यापासून टचपर्यंत कधी ०.५६, कधी १.४०. मी तिसऱ्यावर झोका घेतला असता, तर पाचपैकी तीनदा टीम बाद.

चौघी फरशीवर बसून मोबाइलवर बघत होतो. चौथा व्हिडिओ चालू होता. चौथा हात पाण्याबाहेर आला आणि फ्लायवालीनं मोबाइल माझ्या हातातून घेऊन पालथा ठेवला.

"गेल्या वर्षीबी चार झाले होते," ती म्हणाली.

कुणी काही बोललं नाही. पलीकडच्या लेनमध्ये लहान मुलांचा वर्ग चालू होता, त्यांच्या पायांचा आवाज तेवढा.

"मला तेव्हाच कळलं होतं. तिसऱ्या हातावर तू वाकलीस ते दिसलं मला, आणि माझा हात भिंतीला पोचणार नाही हेबी कळलं. मी आणखी एक मारला. वर आल्यावर सगळे तुझ्याकडं बघत होते. मी नाही बोललो." मग म्हणाली, "शेवटच्या पंधरा मीटरला माझ्यात काही उरतच नाही. सरांना कळलं तर फ्लाय दुसरीला देतील म्हणून तीन सांगत आलो."

मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट लिहिता येत नाहीये. एक वर्ष मी रोज ब्लॉकवर चढले की पायाची बोटं आवळून धरायची. एक वर्ष आम्ही एकाच के.एम.टी.च्या बसनं आलो-गेलो, एका डब्यातलं खाल्लं. मी उठले, बोर्डांच्या ढिगावर जाऊन बसले, टॉवेल डोक्यावरून घेतला.

ब्रेस्टवाली मागून आली. तिनं समजूत घातली नाही. तिनं विचारलं, "मोजायचं राहिलंय का अजून काही आज?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग तिपाई आवरतो.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

गेले नाही तलावावर.

शनिवार, २४ ऑगस्ट

सकाळी सहाला फ्लायवाली आमच्या दारात सायकल घेऊन उभी. आईनं तिला आत बोलावलं, ती आली नाही. आम्ही चालत निघालो, सायकल मधे.

मी तिला जे सांगितलं ते प्रकल्पासाठीही खरं आहे, म्हणून लिहिते. नियमानं चूक माझीच होती. पाय माझे सुटले. येणारी मुलगी चार हात मारो की पाच, ब्लॉकवरच्या मुलीनं टचच्या आधी सुटायचं नसतं. पण वर्षभर मी समजत होते की माझे डोळे किंवा माझी घाई वाईट आहे, आणि मी ते दुरुस्त करत बसले. ज्याची माहितीच माझ्याकडं नव्हती ते मी डोळ्यांनी कसं भरून काढणार होते? तिला मी हेही सांगितलं की मला राग आलाय आणि तो आज जाणार नाही. ती म्हणाली, "चालतंय."

सरांना तिनंच सांगितलं, आमच्यासमोर. सरांनी तिची फ्लाय काढली नाही. त्यांनी विचारलं, "दमल्यावर किती होतात? खरं सांग." ती म्हणाली, साडेतीन. सर म्हणाले, "साडेतीन कुणाला मोजता येत नाहीत. चार कर."

शनिवार, ३१ ऑगस्ट

चार ठरलं. दमलेली असो, ताजी असो, झेंड्यापासून चार. हात थोडे आखूड, थोडे जलद, श्वास न घेता, आणि चौथ्यावर थेट टच, सरकणं नाही. दोन्ही हात एकदम लागले पाहिजेत, फ्लायला एक हात आधी लागला तरी बाद.

मला भीती होती की यानं तिचा वेग जाईल. मोजून बघितलं. पूर्ण शंभरानंतर, झेंड्यापासून भिंतीपर्यंत: तीन हात आणि सरकणं, सरासरी ४.१ सेकंद. चार आखूड हात, सरासरी ३.९. जे ती लपवत होती तेच उलट जलद निघालं. हे तिला आकड्यांत दाखवलं तेव्हा तिनं तो कागद मागून घेतला.

चौथ्या हाताचे पंजे बाहेर आल्यापासून टच : ०.५२ ते ०.५९, बारा मापनांत. एवढं सारखं असेल तर मी डोळे मिटूनही उभी राहू शकेन.

बुधवार, ११ सप्टेंबर

गौरी जेवल्या. चौघींनीही दोन दिवस दांडी मारली, सरांची परवानगी होती.

त्याआधीच्या आठवड्याचे आकडे: ब्रेस्टवालीनंही शेवटचे ५ मीटर मोजून घेतलेत, तीन हात. ब्रेस्टला शेवटचं सरकणं लांबलं की फ्लायवाली ब्लॉकवर लटकून राहते, तेच ०.६१चं कारण होतं. आता ०.३३. पहिला टेकओव्हर ०.२८. माझा ०.२९ ते ०.४४मध्ये फिरतोय. पायाची बोटं अजून आवळली जातात. ते फ्रेममध्ये दिसतं: झोका वेळेवर, पण शेवटी पाय ब्लॉकवर रेंगाळतात, पाचसात फ्रेम.

त्यावर बॅकवालीनं उपाय काढला. मी ब्लॉकवर असताना तिनं मागून हळू आवाजात फ्लायवालीचे हात मोजायचे. एक, दोन, तीन. चार म्हणायचं नाही. चार मी बघायचा.

शनिवार, २१ सप्टेंबर

शेवटची चाचणी. ०.२७, ०.३०, ०.२६. बेरीज ०.८३, जुलैत २.०७ होती. एकूण वेळ हातातल्या घड्याळानं ५:२३.६. चौघींच्या स्वतंत्र सर्वोत्तम वेळांची बेरीज ५:२४.३ आहे, म्हणजे पहिल्यांदाच आम्ही एकत्र मिळून आमच्या बेरजेपेक्षा जलद.

मॅडम आज तलावावर आल्या होत्या, चपला हातात घेऊन ओल्या फरशीवर उभ्या. माझा टेकओव्हर झाल्यावर त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मग ती मिटून नुसतं बघत राहिल्या.

शनिवार, २८ सप्टेंबर

स्पर्धा. बाहेरगावचा तलाव, गाव लिहीत नाही.

सकाळी वॉर्म-अपला फ्लायवाली पाण्यातून तोंड वर काढून म्हणाली, "चार बसत नाहीत. तीनच होतात." पुन्हा गेली, पुन्हा तीन, आणि चौथा भिंतीवर आपटत होता. तिच्या चेहऱ्यावर जुलैची ती गच्ची दिसली मला. पण बॅकवालीही म्हणाली, माझे पाच बसत नाहीत, चारच होतात. दोघींचं एकदम चुकणार नाही. मी पिशवीतून मेजर टेप काढला. भिंतीपासून झेंड्यांची दोरी: ४ मीटर १५ सेंटिमीटर. ५ हवी.

सर आयोजकांकडं गेले. त्यांनी वाद घातला नाही, खांब सैल करून दहा मिनिटांत दोरी सरकवली. आम्ही परत मोजली. पुढच्या लेनमधल्या दुसऱ्या कॉलेजच्या बॅकस्ट्रोकवालीनं लांबून हात केला, तिचंही डोकं सकाळपासून दोनदा आपटलं होतं.

रिले दुपारी पावणेतीनला. चार नंबरची लेन. बॅकवाली तिसरी आली, ब्रेस्टवालीनं विहिरीतल्या पायांनी एकीला मागं टाकलं, फ्लायवाली दुसऱ्या नंबरवर वळली. पंच ब्लॉकशेजारी वाकून माझ्या पायांकडं बघत उभे होते. झेंड्यांखालून तिचं डोकं आलं. मागून बॅकवालीचा आवाज: एक. दोन. तीन.

पंजे पाण्याबाहेर आले.

मी पोहून वर आले तेव्हा पंचांकडं बघितलं नाही, तिघींकडं बघितलं. तिघी पंचांकडं बघत होत्या. हात वर गेला नाही.

दुसरा नंबर, ५:२२.९. पहिल्या टीमच्या मुली आमच्यापेक्षा तीन सेकंदांनी पुढं होत्या, आणि त्या खरोखरच चांगल्या पोहल्या.

सोमवार, ३० सप्टेंबर

स्पर्धेचे व्हिडिओ बघितले. पहिला टेकओव्हर ६५ फ्रेम, ०.२७. दुसरा ७४ फ्रेम, ०.३१. तिसऱ्याच्या वेळी पंच कॅमेऱ्याच्या आणि ब्लॉकच्या मधे आहेत. पांढरा शर्ट, आणि त्याच्या कडेनं उडालेलं पाणी. माझे पाय कधी सुटले ते कुठल्याही फ्रेममध्ये दिसत नाही. मॅडमना विचारलं, सरावाच्या सरासरीवरून अंदाज लिहू का? त्या म्हणाल्या, नाही, रकान्यात "मोजता आले नाही" लिही.

तसं लिहिलंय. शेजारच्या रकान्यात, झेंड्यापासून हात: ४. हा आकडा व्हिडिओवरून घेतलेला नाही. मी शंभर मारून भिंतीला लागले तेव्हा फ्लायवाली काठावर पोटावर पडून वाट बघत होती, आणि मी चष्मा काढायच्या आधीच तिनं तो सांगितला होता.

उद्या सकाळी तिपाईच्या लाल पट्ट्या फरशीवरून काढायच्या होत्या. काका म्हणाले, राहू देत, पुढच्या मुलींना लागतील.